दोमेनिको मोदुन्यो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘व्होलारे, ओ ओ’ एवढं बहुतेकांना गुणगुणता येतं. गाणं कोणाचं म्हणून विचारलं, की कोणी डीन मार्टिनचं नाव घेतं, कोणी जिप्सी किंग्जचं. गाणं दोमेनिको मोदुन्योचं आहे. गेली काही वर्षं मी त्याच्या गाण्यांत आणि सिनेमांत रमलो आहे. भेटेल त्याला ऐकवतो आणि दरवेळी साधारण तेच प्रश्न समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

मोदुन्यो कोण, हे थोडक्यात सांगता येईल का?

इटलीचा गायक, गीतकार, संगीतकार आणि नट. जन्म ९ जानेवारी १९२८, पुल्या प्रांतातल्या पोलिन्यानो आ मारे या समुद्रकाठच्या गावी. मृत्यू ६ ऑगस्ट १९९४, लाम्पेदूसा बेटावरच्या आपल्या घरी. सुमारे २३० गाणी, सिनेमा आणि दूरचित्रवाणी मिळून चाळीसहून अधिक भूमिका, शिवाय नाटकं. सानरेमोच्या गीतमहोत्सवात चार वेळा पहिला. आपल्या माणसांसाठी तो ‘मिम्मो’ होता.

माझ्या मते त्याची खरी ओळख अशी: तो नट म्हणून शिकला आणि गाण्यातही नटच राहिला. त्याच्या प्रत्येक चांगल्या गाण्यात एक पात्र आहे, एक जागा आहे आणि काहीतरी घडतं. हे एकदा लक्षात आलं की त्याची पुढची सगळी वाटचाल आपोआप उलगडते.

नावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

मोदुन्यो. इटालियन लिपीत ‘ग’ आणि ‘न’ ही अक्षरं शेजारी आली की त्यांचा उच्चार आपल्या ‘ञ’सारखा होतो. त्यामुळे ‘मोडुग्नो’ म्हणू नये. गावाच्या नावातही तेच, पोलिन्यानो.

तो सिसिलीचा होता ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागची गोष्ट त्याच्या आयुष्यभर पुरली.

तो सिसिलीचा नव्हता. वडील विटो कोसिमो नगरपालिकेच्या पोलिसांत होते. त्यांच्या नोकरीमुळे मिम्मो लहान असतानाच कुटुंब पोलिन्यानो सोडून ब्रिंदिसी जिल्ह्यातल्या सान पिएत्रो वेर्नोतिकोला गेलं. दोन्ही गावं पुल्यातच, पण बोली पार वेगळ्या. सान पिएत्रोची बोली सालेंतोची, म्हणजे पुल्याच्या दक्षिण टोकाची, आणि कानाला ती पोलिन्यानोकडच्या बारीच्या बोलीपेक्षा सिसिलियनला कितीतरी जवळची वाटते. पोराच्या तोंडात हीच बोली बसली. गिटार आणि अकॉर्डियनचे पहिले धडे वडिलांनीच दिले.

पुढे रोममध्ये तो याच बोलीत गाणी रचून गाऊ लागला, तेव्हा ऐकणाऱ्यांना ती सिसिलियन वाटली. सालेंतो कुठे आहे हे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सिसिली सगळ्यांना माहीत होती. सिनेमातली त्याची सुरुवातीची ठळक भूमिकाही एका सिसिलियन सैनिकाची. त्याला सल्ला मिळाला की सिसिलियनच राहा, आणि त्याने तो ऐकला. रेकॉर्डवर सिसिली, मुलाखतीत सिसिली. दाढीमिशा आणि सावळा चेहरा पाहून लोकांनाही ते पटलं.

पोलिन्यानोच्या लोकांना मात्र ते लागलं. आपला पोर जगभर नाव काढतो आणि गावाचं नाव घेत नाही, हे दुःख कोणत्याही गावाला कळेल. ही अढी पुढे तीसेक वर्षं राहिली. ती कशी सुटली, ते खाली येईलच.

आधी गायक की आधी नट?

आधी टायरच्या दुकानातला पोऱ्या.

तरुणपणी घर सोडून तो उत्तरेला तोरिनोला, म्हणजे ट्यूरिनला, गेला. दक्षिणेतल्या असंख्य तरुणांनी तेव्हा हीच वाट धरली होती. तिथे त्याने वेटरचं काम केलं, टायर दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली राबला. सक्तीची सैनिकी सेवा झाल्यावर त्याने रोम गाठलं, कारण त्याला सिनेमात नट व्हायचं होतं. ‘चेंत्रो स्पेरिमेंताले’ या सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्थेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. तिथेच फ्रांका गांदोल्फी ही विद्यार्थिनी भेटली. ती मात्र अस्सल सिसिलीची. १९५५ साली दोघांनी लग्न केलं. मार्को, मार्चेल्लो आणि मास्सिमो हे त्यांचे तीन मुलगे.

१९५१ साली एदुआर्दो दे फिलिप्पोच्या ‘फिलुमेना मार्तुरानो’ या चित्रपटात तो ओझरता दिसतो. १९५२ च्या ‘कारिका एरोइका’मध्ये मात्र त्याला जरा जागा मिळाली. युद्धाच्या धुमाळीत एक सैनिक एका लहान मुलीला निजवण्यासाठी अंगाई गातो, असा प्रसंग आहे. नट म्हणून बोलावलेल्या माणसाने गाणं म्हटलं आणि लोकांनी त्याच्या गाण्याची चौकशी केली. पुढच्याच वर्षी रेडिओचं दार उघडलं.

‘कांताउतोरे’ म्हणजे काय? तो पहिला कांताउतोरे होता का?

जो स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो आणि स्वतः गातो, तो कांताउतोरे. आपल्याकडे शाहिराला हे वर्णन बऱ्यापैकी लागू पडेल. हा शब्द इटलीत रुळला तो १९६० च्या आसपास, म्हणजे मोदुन्यो प्रसिद्ध झाल्यानंतर. त्याआधी गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, आणि गायकाने समोर ठेवलेला कागद गोड आवाजात म्हणायचा, अशी रीत होती. मोदुन्योने ती वाट मोडली आणि जेनोव्हा, मिलानोचे पुढचे गीतकार-गायक त्या मोकळ्या झालेल्या वाटेने आले. शब्दांसाठी तो बरेचदा दुसऱ्या कवीला सोबत घेई, तरी गाणं नेहमी त्याचंच वाटे.

सुरुवातीच्या गाण्यांतलं एखादं सांगा, जे चुकवू नये.

‘लू पिशे स्पादा’, म्हणजे तलवारमासा. १९५४ चं गाणं.

सिसिली आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या मेस्सीनाच्या सामुद्रधुनीत तलवारमाशाची शिकार होते. होडीच्या उंच डोलकाठीवर एक माणूस टेहळणी करत उभा असतो. मासा दिसला की तो ओरडतो आणि खालचा माणूस भाला फेकतो. तिथले कोळी सांगतात, की नर-मादी जोडीने पोहत असली आणि मादीला भाला लागला, तर नर तिला सोडून जात नाही.

गाण्यात एवढंच घडतं. पण मोदुन्यो ते सांगत नाही, करून दाखवतो. डोलकाठीवरच्या माणसाची आरोळी तोच देतो. भाला बसलेली मादी नराला म्हणते, पळ, तू तरी वाच. तो आवाजही त्याचाच. नर म्हणतो, तू मेलीस तर मलाही तुझ्याबरोबर मरायचं आहे. आवाज चिरकतो, घोगरा होतो, कुजबुजतो. शेवटी नर एक उडी घेतो आणि दोघं शेजारी येतात. साडेतीन-चार मिनिटांचं एकपात्री नाटक आहे हे, आणि सोबतीला गिटार. बोली कळली नाही तरी कोण केव्हा बोलतंय ते कळतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्थ ठाऊक नव्हता, आणि तरीही शेवटाला घसा दाटून आला होता.

‘व्हेक्यो फ्राक’ खऱ्या घटनेवर आहे का?

हो. १९५४ च्या नोव्हेंबरअखेर सिसिलीचे राजपुत्र राइमोंदो लांझा दी त्राबिया यांनी रोममधल्या एका हॉटेलातून उडी घेऊन जीव दिला. त्या बातमीतून १९५५ चं हे गाणं उमललं. नावाचा अर्थ ‘जुना टेलकोट’.

मध्यरात्र. गल्ल्या रिकाम्या, शेवटचे दिवे मालवताहेत. एक माणूस चालला आहे: उंच टोपी, टेलकोट, हातात काठी, कोटाला गार्डेनियाचं फूल, गळ्याशी रेशमी बो. कुठून आला, कुठे चालला, कोणाला ठाऊक नाही. पहाट होते आणि नदीच्या पाण्यावर टोपी, फूल आणि कोट तरंगत जातात. मृत्यू हा शब्द कुठेही नाही. सोबतीला फक्त गिटार आणि त्याची ती गुणगुण. तेव्हाच्या इटलीत रेडिओवरच्या गाण्यांना सेन्सॉर असे, आणि यातल्याही एका ओळीला कात्री लागली. मला स्वतःला हे त्याचं सर्वोत्तम गाणं वाटतं, ‘व्होलारे’हूनही वरचं.

‘व्होलारे’ कसं सुचलं?

गाण्याचं खरं नाव ‘नेल ब्लू, दिपिंतो दी ब्लू’, म्हणजे ‘निळ्यात, निळ्याने रंगलेला’. ‘व्होलारे’, म्हणजे उडणं, हा ध्रुवपदातला शब्द. जगाला तेवढाच लक्षात राहिला.

शब्दांत त्याचा भागीदार फ्रांको मिल्याच्ची. तोही सिनेमात नट व्हायला आलेला, मोदुन्योचा दोस्त. मिल्याच्ची ही हकीकत सांगत असे: एका सुट्टीच्या दिवशी दोघांनी समुद्रावर जायचं ठरवलं होतं आणि मोदुन्यो आलाच नाही. वाट पाहून कंटाळलेल्या मिल्याच्चीने वाइन रिचवली आणि तो झोपी गेला. जाग आली तेव्हा भिंतीवरची मार्क शागालची दोन चित्रं नजरेसमोर होती. एकात चेहऱ्यावर निळा रंग आलेला चित्रकार, दुसऱ्यात लाल कोंबडा आणि हवेत तरंगणारा माणूस. त्या तंद्रीतच त्याने ओळी खरडल्या. चेहरा आणि हात निळे रंगवलेला माणूस वाऱ्यासरशी आकाशात उचलला जातो, हे चित्र तिथून आलं. मग दोघांनी बसून ते गाणं घडवलं.

लक्ष देऊन ऐका: सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी आहे, एखाद्याने सकाळी उठून स्वप्न सांगावं तशी. सूर जमिनीशीच घोटाळतो. आणि मग ‘व्होलारे’वर चाल एकदम मोकळी होते. शब्दाचा अर्थ चालीनेच सांगून टाकला आहे.

१९५८ च्या सानरेमोत असं काय घडलं की लोक अजून त्याबद्दल बोलतात?

सानरेमो हे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचं गाव. तिथे १९५१ पासून नव्या गाण्यांची स्पर्धा भरते. त्या काळी प्रत्येक गाणं दोन वेगवेगळे गायक आपापल्या परीने म्हणत. मोदुन्योच्या गाण्याचा दुसरा गायक होता तरुण जॉनी दोरेल्ली.

महोत्सवाचा शिष्टाचार ठरलेला होता. गायक मायक्रोफोनसमोर ताठ उभा राही, फार तर एक हात छातीशी नेई. गाण्यांत आई असे, कबुतर असे, देवळाची घंटा असे. मोदुन्यो पुढे आला, मुखड्यापर्यंत शांत राहिला आणि ‘व्होलारे’ म्हणताना त्याने दोन्ही हात पूर्ण पसरले. जणू उडी घेतोय. आज पाहिलं तर वाटेल, यात काय एवढं? पण नटाचं शरीर गाण्यात उतरलं ते या क्षणी. सभागृहात बसलेल्यांनी पांढरे रुमाल हलवले. १ फेब्रुवारीला निकाल लागला तेव्हा गाणं पहिलं होतं.

युद्ध संपून तेरा वर्षं झाली होती. घराघरांत फ्रीज येत होता, रस्त्यांवर छोट्या फियाट धावू लागल्या होत्या, दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. अशा देशाला हात पसरून आकाशात निघालेला माणूस आपलासा वाटला, यात नवल नाही.

मग युरोव्हिजनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गीतस्पर्धेत, तो तिसरा कसा आला?

१२ मार्च १९५८, नेदरलँड्समधलं हिल्वरसम. दहा देश. इटलीचा क्रमांक पहिलाच लागला होता आणि तांत्रिक बिघाडामुळे ते प्रक्षेपण सगळ्या देशांत पोहोचलं नाही, म्हणून सगळ्यांचं गाऊन झाल्यावर मोदुन्योला पुन्हा गायला लावलं. परीक्षकांनी त्याला १३ गुण दिले. फ्रान्सचा आंद्रे क्लाव्हो २७ गुणांनी जिंकला, स्वित्झर्लंडची लीस आसिया २४ गुणांनी दुसरी आली. त्या वर्षीचं विजेतं गाणं आज किती जणांना आठवतं, ते तुम्हीच विचारून पाहा.

अमेरिकेत खरंच इटालियन गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं?

गेलं, आणि मूळ इटालियन शब्दांतच. ‘बिलबोर्ड’ची लोकप्रिय गाण्यांची ‘हॉट १००’ ही साप्ताहिक यादी ४ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाली. १८ ऑगस्टच्या यादीत मोदुन्यो पहिला होता. एक आठवडा दुसऱ्या गाण्याने जागा घेतली, मग सप्टेंबरभर पुन्हा हा. एकूण पाच आठवडे. ४ मे १९५९ ला पहिले ग्रॅमी पुरस्कार दिले गेले, तेव्हा वर्षातली सर्वोत्तम रेकॉर्ड आणि वर्षातलं सर्वोत्तम गाणं हे दोन्ही मान याच गाण्याला मिळाले. नामांकनांत फ्रँक सिनात्रा, पेरी कोमो, पेगी ली अशी मंडळी होती.

डीन मार्टिनने त्याच वर्षी ते गायलं. १९८९ मध्ये जिप्सी किंग्जनी त्याला रुंबाचा ठेका दिला आणि नवी पिढी त्यावर नाचली. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते: एल्व्हिस प्रेस्लीचं ‘आस्क मी’ हेही मुळात मोदुन्योचंच, ‘इओ’ या गाण्याचं इंग्रजी रूप.

सानरेमोचे बाकीचे तीन विजय कोणते?

१९५९ चं ‘पिओव्हे’, ज्याला लोक ‘चाव चाव बांबिना’ म्हणून ओळखतात, पुन्हा दोरेल्लीबरोबर. १९६२ चं ‘आद्दियो, आद्दियो’, क्लाउदियो व्हिल्लाबरोबर. आणि १९६६ चं ‘दियो, कोमे ती आमो’, जिल्योला चिंक्वेत्तीबरोबर. व्हिल्लाच्या नावावरही चारच विजय आहेत, त्यामुळे हा मान दोघांचा आहे. १९६४ मध्ये त्याने नापोलीचा महोत्सवही जिंकला, ‘तू सी ना कोसा ग्रांदे’ या नापोलीच्या बोलीतल्या गाण्याने, ओर्नेल्ला व्हानोनीसोबत.

शून्य गुण मिळाले ते प्रकरण काय?

१९६६, लक्झेंबर्ग, युरोव्हिजन. तालमीतच वाद्यमेळाच्या रचनेवरून त्याचं आणि आयोजकांचं बिनसलं. तो मोठ्या ऑर्केस्ट्राऐवजी आपल्या मोजक्या वादकांना घेऊन गायला. एकही गुण मिळाला नाही; इटली आणि मोनॅको दोघंही तळाशी. ‘दियो, कोमे ती आमो’ मात्र पुढे कितीतरी भाषांत गायलं गेलं.

एवढा नट होता तर सिनेमात मोठा का झाला नाही?

कारण निर्मात्यांना त्याच्या गाण्याचा उपयोग करून घ्यायचा होता. गाजलेल्या गाण्याचं नाव सिनेमाला द्यायचं आणि मध्ये गायकाला उभं करायचं, असे सिनेमे तेव्हा इटलीत धडाधड निघत. १९५७ मध्ये ‘लाझ्झारेल्ला’ आला, १९५९ मध्ये ‘नेल ब्लू दिपिंतो दी ब्लू’. दुसऱ्यात व्हित्तोरियो दे सिकासारखा मोठा नट-दिग्दर्शक असूनही तो गाण्याच्या मागे लपतो.

चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती पडला की मात्र तो वेगळाच दिसे. लुइजी कोमेंचीनीच्या ‘लो स्कोपोने शेंतीफिको’ या १९७२ च्या चित्रपटात बेटी डेव्हिस, जोसेफ कॉटन, आल्बेर्तो सोर्दी आणि सिल्व्हाना मांगानो आहेत. झोपडपट्टीतल्या गरीब जोडप्याने गर्भश्रीमंत म्हातारीशी पत्त्यांचा डाव मांडायचा, अशी कथा. मोदुन्यो त्यात रिगेत्तो झाला आहे, आणि इतक्या मोठ्या नटांमध्ये तो कुठेही कमी पडत नाही.

चित्रपट-दिग्दर्शक पाझोलिनीबरोबर त्याने काय केलं?

दोन गोष्टी, आणि दोन्ही मला अतोनात प्रिय आहेत.

पहिली १९६६ ची. ‘उच्चेल्लाच्ची ए उच्चेल्लीनी’ या चित्रपटाची श्रेयनामावली पडद्यावर नुसती येत नाही, ती गायली जाते. संगीत एन्यो मोरिकोनेचं, आवाज मोदुन्योचा. नटांची, तंत्रज्ञांची, निर्मात्याची नावं तो दवंडी पिटावी तशी खणखणीत गातो.

दुसरी ‘कोझा सोनो ले नूव्होले’, म्हणजे ‘ढग म्हणजे काय’. १९६८ च्या ‘काप्रिच्चो आल्लितालियाना’ या लघुपटसंग्रहातला हा एक भाग. कळसूत्री बाहुल्यांचं थिएटर आहे, ‘ऑथेल्लो’चा प्रयोग चालला आहे, पण बाहुल्या म्हणजे हाडामांसाची माणसं. हिरव्या रंगाने माखलेला इयागो म्हणजे विनोदी नट तोतो. ऑथेल्लो म्हणजे निनेत्तो दाव्होली. पडद्यामागे बाहुल्या एकमेकांना विचारतात, आपण असं का वागतो? समोरचे प्रेक्षक चिडून रंगमंचावर चढतात आणि इयागो-ऑथेल्लोला मोडून टाकतात.

मग कचरेवाला येतो. तो मोदुन्यो. मोडलेल्या दोन्ही बाहुल्या उचलून तो गाडीत टाकतो आणि गात गात गावाबाहेर निघतो. गाण्याचे शब्द पाझोलिनीने ‘ऑथेल्लो’तले तुकडे वेचून जुळवले आहेत आणि चाल मोदुन्योची आहे. कचऱ्याच्या ढिगावर तो दोघांना भिरकावून देतो आणि निघून जातो. उताणे पडलेले दोघं आयुष्यात पहिल्यांदा आकाश पाहतात. ऑथेल्लो विचारतो, ते काय आहे? इयागो सांगतो, ते ढग. किती सुंदर आहेत म्हणून दोघं हरखून जातात. तोतो १९६७ च्या एप्रिलमध्ये वारला. हा त्याच्या अगदी शेवटच्या कामांपैकी एक.

मोदुन्योच्या वाट्याला मिनिटं मोजकीच आली आहेत. पण त्या कचरेवाल्याच्या गाण्यात ना क्रूरपणा आहे ना कळवळा. तो आपलं काम करतो आणि त्याला गाणं येतं. मृत्यूचं पात्र इतक्या साधेपणाने उभं केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि रंगभूमी?

तिथे तो खऱ्या अर्थाने फुलला. इटलीच्या एकीकरणाला शंभर वर्षं झाली त्या १९६१ साली गारीनेई आणि जोव्हान्नीनी या जोडीने ‘रिनाल्दो इन काम्पो’ हे संगीतक आणलं. सिसिलीतला एक दरोडेखोर गारिबाल्दीच्या बाजूने लढायला उतरतो, ती कथा. संगीत मोदुन्योचं, नायकही तोच, नायिका देलिया स्काला. पहिला प्रयोग तोरिनोत झाला. ज्या शहरात त्याने टायरं काढली-घातली होती, तिथेच.

१९७३ मध्ये दिग्दर्शक जॉर्जो स्ट्रेहलरने मिलानोच्या पिक्कोलो तेआत्रोसाठी ब्रेश्टचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ बसवलं आणि मॅकी मेसरची भूमिका मोदुन्योला दिली. सोबत गायिका मिल्वा. स्ट्रेहलरसारखा काटेकोर माणूस गाजलेल्या नावाला भुलून भूमिका देत नसतो.

‘मेराविल्योजो’ सानरेमोने नाकारलं, हे खरं आहे?

खरं आहे. रिकार्दो पाझ्झाल्याचे शब्द, मोदुन्योची चाल. पुलावर उभा राहून पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाला कोणीतरी मागून हाक मारतं आणि म्हणतं, बघ, हे सगळं किती अद्भुत आहे, तुझं दुःखसुद्धा. १९६८ च्या महोत्सवाच्या निवड समितीने ते बाजूला ठेवलं. आदल्याच वर्षी लुइजी तेंको या तरुण गीतकार-गायकाने महोत्सव सुरू असतानाच सानरेमोत जीव दिला होता, आणि जखम ओली होती. २००८ मध्ये नेग्रामारो या सालेंतोच्याच बँडने ते गायलं तेव्हा इटलीतल्या तरुणांना ते नव्याने सापडलं. ज्यांची बोली मोदुन्योला सिसिलियन म्हणून खपवावी लागली, त्यांच्याच मुलांनी ते गाणं परत आणलं, याचं मला फार समाधान वाटतं.

परदेशी गेलेल्यांची गाणी म्हणजे कोणती?

‘आमारा तेर्रा मिया’, ‘माझी कडू भूमी’, १९७१. मूळ आब्रुझ्झोतलं लोकगीत. त्याला एन्रिका बोनाक्कोर्तीने नवे शब्द दिले. कोरडं आभाळ, ओसाड रानं आणि गाव सोडून निघालेली माणसं. मोदुन्यो इथे आवाज मुद्दाम दाबून ठेवतो. स्वतः आगगाडीने उत्तरेला गेलेल्या माणसालाच हे असं गाता येतं. बोनाक्कोर्तीबरोबरचंच ‘ला लोंतानांझा’ १९७० चं. ते विरहाचं, जास्त गोड आणि जास्त खपलेलं.

१९८४ मध्ये काय झालं?

जूनमध्ये मिलानोजवळ एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचं चित्रीकरण सुरू असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. वय ५६. अर्धं अंग लुळं पडलं, बोलणं अडखळू लागलं. हात पसरणं ही ज्याची सही होती, त्याला ते हात उचलणं अवघड झालं. नंतरची काही वर्षं उपचारांत आणि व्यायामात गेली.

राजकारणात का गेला?

नागरी हक्कांच्या लढ्यात तो आधीपासून होता. १९७४ च्या घटस्फोटाच्या सार्वमतात त्याने घटस्फोटाचा कायदा टिकावा या बाजूने गाणं केलं होतं. आजारपणानंतर अपंगांचं जगणं त्याला आतून कळलं. १९८७ मध्ये रॅडिकल पक्षातर्फे तो तोरिनोमधून संसदेवर निवडून गेला. पुन्हा तोरिनोच.

सर्वांत मोठं काम सिसिलीतल्या आग्रिजेंतोच्या मनोरुग्णालयाचं. तिथल्या रुग्णांचे हाल तो जाऊन पाहून आला, त्याने ते देशासमोर मांडले आणि प्रश्न लावून धरला. पुढे तो त्या रुग्णांसाठी गायलाही.

गावाशी समेट झाला का?

२६ ऑगस्ट १९९३. पोलिन्यानोने त्याला बोलावलं आणि तो आला. छोट्याशा गावात सुमारे ७०,००० माणसं जमली. आवाज थकला होता, जीभ साथ देत नव्हती. जिथे तो अडे तिथे लोक गात. वर्षभरही गेलं नाही, तोच त्याच्या मृत्यूची बातमी आली.

पोलिन्यानोला गेलं तर काय पाहता येतं?

कड्यावर वसलेलं पांढरं गाव, घरांच्या भिंती थेट समुद्रावर उतरलेल्या, कड्यांच्या मध्ये शिरलेली लामा मोनाकीले ही चिमुकली पुळण. समुद्रकाठचा रस्ता त्याच्या नावाचा आहे. तिथे २००९ मध्ये बसवलेला त्याचा तीन मीटर उंचीचा कांस्यपुतळा आहे, अर्जेंटिनाचे शिल्पकार हेर्मान मेयेर यांचा. पाठ समुद्राकडे, तोंड गावाकडे, दोन्ही हात पसरलेले. लोक त्याच्यासमोर तसेच हात पसरून फोटो काढतात.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

आधी ‘लू पिशे स्पादा’, मग ‘व्हेक्यो फ्राक’. ‘व्होलारे’ त्यानंतर ऐका, आणि मूळ १९५८ चंच ऐका. मग ‘मेराविल्योजो’, ‘आमारा तेर्रा मिया’, आणि रात्री एकट्याने ‘कोझा सोनो ले नूव्होले’. सगळं झाल्यावर १९९३ चं ‘देल्फीनी’ लावा. डॉल्फिनवरचं हे त्याचं शेवटचं गाणं. जिथे त्याचा श्वास पुरत नाही, तिथे धाकटा मुलगा मास्सिमो सूर उचलतो.